रबाळ्याच्या लॅबचा चिप सेक्शन रिपोर्ट: फोटो झकास, मोजमाप मात्र मागून घ्या

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, मेटलर्जीच्या खासगी लॅब बऱ्याच आहेत. त्यांचं रोजचं काम ठरलेलं असतं: कास्टिंगची केमिस्ट्री, टेन्साइल, हीट ट्रीटमेंटनंतरची हार्डनेस, केस डेप्थ. त्यातल्या रबाळे एमआयडीसीतल्या एका लॅबने आता मशिनिंगच्या चिपचा, म्हणजे टूलने सोलून निघालेल्या धातूच्या पापुद्र्याचा, अभ्यास करून द्यायला सुरुवात केली आहे. हाय-स्पीड टर्निंगमध्ये निघालेली चिप त्यांना द्यायची. ते तिचा छेद घेऊन पॉलिश करतात, एच करतात (अॅसिड लावून आतली रचना उघडी पाडतात), फोटो काढतात, सांगितलं तर मायक्रोहार्डनेस (बारीक खूण पाडून मोजलेला कडकपणा) घेतात आणि धातू कुठे सरकला, कुठे तापला, कुठे फाटला याचा रिपोर्ट देतात. नाव मुद्दाम टाकलेलं नाही. खालच्या तक्रारी हे काम करणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये निघू शकतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा टाळणं नमुना देणाऱ्याच्या हातात आहे.

आमचे नमुने दोन धातूंचे होते: ग्रेड ५ टायटॅनियम आणि ईएन १९ हे स्टील. दोन्ही कोरड्या टर्निंगमधले, कार्बाइड इन्सर्टवरचे.

आधी ही सेवा घ्यावीच का, ते बघू. टूलच्या टोकापाशी धातू कसा वाहतो हे प्रत्यक्ष बघण्याचे मार्ग फार थोडे आहेत. साध्या टेन्साइल टेस्टमध्ये धातू ताणण्याचा दर सेकंदाला ०.००१ च्या आसपास असतो. हॉपकिन्सन बारवर, म्हणजे नमुन्याला दांड्याने फटका देणाऱ्या यंत्रावर, तो १० हजारापर्यंत नेता येतो. कटिंगमध्ये तो १० हजारापासून १० लाखापर्यंत जातो. २०० मीटर प्रति मिनिट वेग, ३० अंशांचा शिअर अँगल (धातू ज्या तिरक्या पातळीवर सरकून चिप बनते तिचा कोन) आणि २० मायक्रॉन जाडीचा शिअर झोन (तो सरकण्याचा पट्टा) धरून हिशोब केला, तर दर सेकंदाला २ लाखांच्या आसपास येतो. हा दर, त्याच्या जोडीला २ ते ३ एवढा शिअर स्ट्रेन (सरकण्याचं प्रमाण) आणि शेकडो अंशांची तापमानवाढ, हे सगळं एकाच वेळी देणारी टेस्ट कुठल्याही लॅबमध्ये लावून मिळत नाही. हाय-स्पीड कॅमेरा आहे, पण फ्रेम रेट लाखाच्या घरात नेला की चित्राचं रिझोल्यूशन खूप खाली येतं, आणि दिसते ती फक्त कडेची बाजू. क्विक-स्टॉप आहे, म्हणजे टूल झटक्याने मागे ओढून कटिंग अर्ध्यात गोठवायचं. पण त्यात टूल कटिंगच्या वेगापेक्षा जास्त वेगाने मागे जावं लागतं, त्यामुळे वेग वाढेल तसं ते अवघड होत जातं. उरते ती चिप. तिच्या अंगावर झालेलं सगळं कोरलेलं असतं आणि ती शॉपफ्लोअरवर ढिगाने पडलेली असते. म्हणून छेद घेऊन चिप वाचणं हा या अभ्यासातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, असं आमचं ठाम मत आहे. अट एकच: छेद बरोबर जागी पडला पाहिजे.

लॅबचं काउंटर, पावती, नमुन्याला नंबर देणं यात काही खोट नाही. रबाळे स्टेशनवरून रिक्षाने जाता येतं, वागळे इस्टेटवाल्यांना ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल सोयीची. दर ठरवण्याची पद्धत मात्र आधी समजून घ्या. माउंट (चिप बसवलेला रेझिनचा ठोकळा) वेगळा, एचिंग वेगळं, फोटो नगावर, हार्डनेसचे पॉइंट नगावर, आणि वर १८ टक्के जीएसटी. एका माउंटमध्ये चार-पाच चिप बसतात, पण तसं सांगितलं नाही तर प्रत्येक चिपचा स्वतंत्र माउंट धरून बिल येतं. कबूल केलेल्या दिवसापेक्षा रिपोर्टला उशीर झाला. फोन केल्यावर उत्तर नीट मिळालं, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता मुख्य गोष्ट, माउंटिंग.

चिप उभी ठेवून रेझिनमध्ये बसवतात आणि मग कडेकडून घासत आत जातात. पहिली गफलत इथे होते. रोजच्या कामात लॅब बेकलाइटचा हॉट माउंट वापरते: दीडशे अंशांच्या वर तापमान आणि दोनशे बारच्या वर दाब. बोल्टच्या तुकड्याला त्याने काही होत नाही. ०.१५ मिमी जाडीची गुंडाळलेली चिप त्या दाबाखाली चेपते, आडवी होते, टायटॅनियमच्या दातेरी चिपचे सेगमेंट, म्हणजे एकेक दाते, मुळाशी तुटतात. पहिल्या फेरीत आम्हाला हेच दिसलं: फोटोतल्या दोन सेगमेंटमधल्या भेगा कटिंगच्या नव्हत्या, माउंटिंगच्या होत्या. ओळखायची खूण सोपी आहे. कटिंगमध्ये पडलेली भेग शिअर बँडच्या, म्हणजे विरूपण साठलेल्या अरुंद पट्ट्याच्या, रेषेतून जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कण बँडकडे झुकलेले असतात. माउंटिंगमध्ये पडलेली भेग कणांना न जुमानता सरळ जाते.

कोल्ड माउंट मागा, तोही इपॉक्सीचा. घट्ट व्हायला आठ-बारा तास लागतात म्हणून लॅबला तो नको असतो. दहा-पंधरा मिनिटांत बसणारं अॅक्रिलिक रेझिन सोपं, पण ते आकसतं. चिप आणि रेझिन यांच्यामध्ये फट पडते, त्या फटीत पेपरचे कण अडकतात आणि पॉलिशिंगमध्ये चिपची कड गोल होते. आपल्याला जे बघायचं ते नेमकं कडेलाच असतं: टूलच्या रेक फेसला, म्हणजे चिप ज्यावरून सरकते त्या तोंडाला, घासून गेलेली बाजू. तिथले १०-२० मायक्रॉन गोल झाले की सेकंडरी शिअर झोन, म्हणजे त्या घासण्याने विरूप झालेला थर, गेलाच. व्हॅक्यूममध्ये इपॉक्सी भरण्याची सोय या लॅबमध्ये आहे. सेगमेंटच्या फटींमध्ये रेझिन शिरायला तिचा उपयोग होतो, पण मागितल्याशिवाय वापरत नाहीत.

दुसरी गफलत चिप कललेली बसण्याची. चिपची पाठ पॉलिश केलेल्या पृष्ठाला काटकोनात नसेल तर छेदात ती जाड दिसते. २० अंश कलली तर जाडी ६ टक्के जास्त, ३० अंश कलली तर १५ टक्के जास्त. याचा परिणाम आकड्यात बघा. फीड (दर फेऱ्याला टूल पुढे सरकतं ते अंतर) ०.१ मिमी, रेक (टूलच्या तोंडाचा कल) उणे ६ अंश, चिपची खरी जाडी ०.१६ मिमी. चिप रेशो, म्हणजे न कापलेली जाडी भागिले चिपची जाडी, ०.६२५ येतो. तो रेशो गुणिले रेक अँगलचा कोसाइन, भागिले १ वजा रेशो गुणिले रेकचा साइन, हा शिअर अँगलचा टँजंट. उत्तर ३०.३ अंश. शिअर स्ट्रेन २.४५. आता तीच चिप ३० अंश कललेली बसली तर जाडी ०.१८५ वाचली जाते, शिअर अँगल २७ अंश निघतो आणि स्ट्रेन २.६. दोन इन्सर्टच्या कोटिंगमधला फरक शोधताना दोन-तीन अंशांवरच सगळं ठरतं. म्हणजे कलण्याची चूक आणि शोधायचा फरक सारख्याच मापाचे. उपाय साधा आहे: चिप प्लास्टिकच्या क्लिपमध्ये किंवा स्टीलच्या दोन सरळ पट्ट्यांमध्ये धरून उभी करायची. आमच्या दुसऱ्या फेरीत लॅबने पट्ट्या वापरल्या आणि एकाच कटमधल्या चिपांची मापं लगेच एकमेकांजवळ आली.

तिसरी गफलत सर्वांत मोठी, आणि ती रिपोर्टमध्ये दिसतच नाही. मेटलर्जीचा तंत्रज्ञ चिप पृष्ठावर दिसली की घासणं थांबवतो. त्याच्या दृष्टीने नमुना उघडा पडला, काम झालं. पण तो छेद चिपच्या कडेचा असतो. कडेला धातूला बाजूने पसरायला जागा असते, तिथला प्रवाह मधल्यासारखा नसतो. शिअर अँगलची सूत्रं ज्या गृहीतकावर उभी आहेत, की धातू रुंदीच्या दिशेने पसरत नाही, ते गृहीतक कडेला लागू होत नाही. २ मिमी रुंद चिप असेल तर साधारण १ मिमी आत जाऊन छेद घ्यायला हवा. हे लेखी द्या: ‘चिपच्या रुंदीच्या मध्यावर छेद’. खात्री करायची असेल तर पहिल्या छेदानंतर आणखी ०.३ मिमी घासून दुसरा फोटो मागा. दोन्हीकडची जाडी जुळली तर छेद मध्यभागी आहे असं धरायला हरकत नाही. नाही जुळली तर पहिला फोटो बाजूला ठेवा. यासाठी लॅबने जास्तीचे पैसे घेतले, आणि ते देण्यासारखे होते.

पॉलिशिंग चांगलं आहे, इथे मनापासून दाद द्यावी लागेल. ३२० पासून १२०० पर्यंत पेपर, मग ६, ३ आणि १ मायक्रॉन डायमंड, आणि टायटॅनियमला शेवटी कोलॉइडल सिलिका. टायटॅनियम मऊपणाने ओढलं जातं, घाई केली तर वर चकचकीत पण विस्कटलेला थर राहतो आणि एचिंगनंतर खोटी रचना दिसते. या लॅबच्या फोटोत ते कुठेही नव्हतं. एचिंग टायटॅनियमला क्रॉल्स रीएजंटने आणि ईएन १९ ला २ टक्के नायटलने (अल्कोहोलमधलं नायट्रिक अॅसिड) केलं होतं. क्रॉल्समध्ये हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं. हे अॅसिड कातडीतून आत शिरतं, सुरुवातीला दुखतही नाही आणि हाडापर्यंत इजा करतं. शॉपमधल्या टूलरूममध्ये ते आणून स्वतः एचिंग करण्याच्या फंदात कुणी पडू नये. लॅबला पैसे द्यायचं हे एकच कारणसुद्धा पुरेसं आहे.

टायटॅनियमचा ५०० पट फोटो खरंच बघण्यासारखा आला. करवतीच्या दात्यांसारखे सेगमेंट. त्यांच्या पोटात अल्फा-बीटाचे (या धातूतल्या दोन स्फटिकरचनांचे) कण जवळजवळ मूळच्याच आकाराचे, जणू कटिंग झालंच नाही. सेगमेंटच्या कडेकडे जाल तसे कण एका बाजूला झुकायला लागतात, लांबतात, भांग पाडलेल्या केसांसारखे एका दिशेला बसतात, आणि मग अचानक काही मायक्रॉन रुंदीचा पांढरा पट्टा, ज्यात कण दिसतच नाहीत. हाच अॅडिअबॅटिक (उष्णता बाहेर जायला वेळच न मिळालेला) शिअर बँड. त्या एका फोटोत सगळी गोष्ट आहे: विरूपण सगळीकडे सारखं वाटलं गेलेलं नाही, ते पट्ट्यात साठलं आहे.

असं का होतं, हे रिपोर्टमध्ये दोन ओळींत उरकलं आहे, म्हणून इथे सांगतो. धातू विरूप करताना जेवढं काम होतं त्यातलं साधारण ९० टक्के उष्णता बनतं. टायटॅनियम ग्रेड ५ ची उष्णतावाहकता ७ वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास, मध्यम कार्बन स्टीलची ५० च्या आसपास. स्टीलमध्ये उष्णता बाजूला पसरते. टायटॅनियममध्ये जिथे निर्माण झाली तिथेच अडकते. तो भाग तापून मऊ होतो, मऊ झाला म्हणून पुढचं विरूपण तिथेच होतं, म्हणून तो आणखी तापतो. ताणाने धातू कडक होण्याचा वेग आणि तापाने मऊ होण्याचा वेग यांच्यात मऊपणा जिंकला की पट्टा तयार. झेनर आणि हॉलोमन यांनी १९४४ मध्ये ही कल्पना मांडली, आणि रेक्ट यांनी १९६४ मध्ये कुठला धातू कधी असा कोसळेल याचा निकष दिला. ईएन १९ सारख्या स्टीललाही ते चुकत नाही, फक्त बराच जास्त वेग किंवा जास्त हार्डनेस लागते.

रिपोर्टमधलं एक वाक्य मात्र आम्हाला मान्य नाही: ‘पांढऱ्या पट्ट्यात फेज ट्रान्सफॉर्मेशन झालेलं दिसतं.’ ऑप्टिकल मायक्रोस्कोपवर ते दिसत नाही, दिसू शकत नाही. पट्टा पांढरा दिसण्याचं कारण बदललेला फेज (स्फटिकरचना) असू शकतो, तसंच कण इतके बारीक झाले असतील की एचंटला त्यांच्या सीमा उघड करता येत नाहीत, असंही असू शकतं. ऑप्टिकलची ताकद पाव मायक्रॉनच्या आसपास संपते. हा निवाडा करायला टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) किंवा ईबीएसडी (इलेक्ट्रॉन किरणांनी स्फटिकांची दिशा वाचणारी पद्धत) लागतं. ठाण्यावरून पवई काही लांब नाही. आयआयटी मुंबईची ‘सैफ’ ही उपकरण-सुविधा बाहेरच्यांनाही मायक्रोस्कोपीची सेवा देते. पॉलिश केलेला माउंट लॅबकडून परत घेऊन पुढे तिथे नेता येतो. ईबीएसडीला मात्र एच न केलेला, कोलॉइडल सिलिकावर थांबलेला नमुना लागतो, म्हणून एक माउंट एच न करता राखून ठेवायला सांगा.

मायक्रोहार्डनेसबद्दल लॅबशी बोलणं झालं तेव्हा त्यांनी स्वतःहून ५० ग्रॅम लोड सुचवला. हिशोब करा. ३५० विकर्स हार्डनेसच्या धातूवर ५० ग्रॅमची खूण १६ मायक्रॉनची पडते, १० ग्रॅमची ७ मायक्रॉनची. पट्टा ५ मायक्रॉनचा असेल तर दोन्ही खुणा पट्ट्याबाहेर जातात आणि रिपोर्टमध्ये येणारा आकडा पट्ट्याचा नसून पट्टा अधिक शेजारी यांची सरासरी असतो. शिवाय दोन खुणांच्या मध्ये कर्णाच्या किमान अडीचपट अंतर हवं, नाहीतर आधीच्या खुणेने कडक झालेल्या जागेत पुढची खूण पडते. म्हणजे मायक्रोहार्डनेस सेगमेंटच्या पोटात घ्या, चिपच्या रेक फेसच्या बाजूला घ्या, मूळ बारवर घ्या. या तिघांची तुलना उपयोगी पडते. पट्ट्याच्या हार्डनेससाठी नॅनोइंडेंटेशन (याहून कितीतरी बारीक खुणेची चाचणी) लागतं, ते या लॅबमध्ये नाही.

फोटो दिले, मापं नाही दिली, ही आमची सर्वांत मोठी तक्रार. पीडीएफमध्ये फोटोखाली ‘५००एक्स’ लिहिलेलं असतं. पीडीएफ छापली, मोठी-लहान केली की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. स्केल बार हवाच, आणि मूळ टिफ फाइल हव्यात. दातेरी चिपसाठी चार मापं मागा: सेगमेंटच्या टोकाची उंची, दरीची उंची, दोन टोकांमधलं अंतर आणि पट्ट्याचा कोन. टोक वजा दरी, भागिले टोक, हा सेगमेंटेशनचा अंश. सलग निदान दहा-बारा सेगमेंटवर घ्या, कारण शेजारशेजारचे सेगमेंट एकसारखे नसतात. एका सुंदर सेगमेंटवरून काढलेला आकडा फसवा. मागितल्यावर लॅबने हे सगळं दिलं, आणि नीट दिलं. पण त्यांच्या छापील फॉर्मवर याला रकानाच नाही.

दातेरी चिपची जाडी सूत्रात कोणती घालायची हा प्रश्न हमखास येतो. टोकाची घातली तर शिअर अँगल कमी येतो, दरीची घातली तर जास्त. यावर जुना आणि चोख उपाय वजनाचा आहे. चिपचा सरळ तुकडा घ्या, लांबी आणि रुंदी मोजा, वजन करा. टायटॅनियम ग्रेड ५ ची घनता ४.४३ मिलिग्रॅम प्रति घनमिलिमीटर. ५० मिमी लांब, २ मिमी रुंद तुकडा ६२ मिलिग्रॅम भरला तर सरासरी जाडी ०.१४ मिमी. ०.१ मिलिग्रॅम वाचणारा तराजू पुरतो, तो या लॅबच्या केमिस्ट्री विभागात आहेच. मर्चंट यांनी १९४५ मध्ये मांडलेलं शिअर अँगलचं गणित सलग चिपसाठी आहे, दातेरी चिपवर ते लावणं म्हणजे सरासरीचा अंदाज, एवढं लक्षात ठेवून आकडा वापरावा.

रिपोर्टच्या शेवटी चिपच्या रंगावरून कटिंगचं तापमान काढणारा तक्ता जोडला आहे: पिवळसर म्हणजे इतके अंश, निळी म्हणजे तितके. तो तक्ता काढून टाकावा अशी आमची लॅबला विनंती आहे. टेम्परिंगचे रंग भट्टीत काही मिनिटं धरलेल्या स्टीलसाठी असतात. चिपचा रंग टूल सोडल्यानंतर, हवेत, थंड होता होता, क्षणभरात चढतो. चिप जाड की पातळ, कुठे पडली, ढिगात पडली की ट्रेवर एकटी, यावर तो बदलतो. एकाच सेटअपमध्ये दोन चिप वेगळ्या रंगाच्या निघाल्या तर काहीतरी बदललं हे कळतं. टोकाशी किती अंश होते हे कळत नाही. त्याच्याच शेजारी ‘वेग एका मर्यादेपलीकडे नेला की तापमान उतरतं’ हे सॅलोमन यांच्या १९३१ च्या पेटंटमधलं विधान छापलं आहे. पुढच्या काळातल्या मोजमापांनी त्याला सरसकट आधार दिलेला नाही, आणि या रिपोर्टमधला एकही फोटो ते सिद्ध करत नाही.

‘सेगमेंट फ्रिक्वेन्सी’ नावाचा रकाना उपयोगी आहे. ९० मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १.५ मीटर, चिप रेशो ०.७ धरला तर चिप १.०५ मीटर वेगाने निघते, सेगमेंटमधलं अंतर ७० मायक्रॉन असेल तर सेकंदाला १५ हजार सेगमेंट. यावरून एक खरेदीचा निर्णयही सुटतो. लेथवर बसवायच्या पीझो डायनॅमोमीटरची (कटिंगचा फोर्स मोजणारं उपकरण) नैसर्गिक फ्रिक्वेन्सी काही हजार हर्ट्झ असते. म्हणजे प्रत्येक सेगमेंटचा फोर्स त्यावर वेगळा दिसणार नाही, दिसेल ती सरासरी, आणि वर डायनॅमोमीटरचं स्वतःचं थरथरणं. सरासरी फोर्ससाठी तो उत्तमच आहे, पण सेगमेंट मोजायला चिपचा छेदच धरावा.

कॉम्प्युटरवर कटिंगचं सिम्युलेशन करणाऱ्यांसाठी लॅबने ‘व्हॅलिडेशन पॅकेज’ असा वेगळा दर ठेवला आहे. ते घेऊ नका. त्यात नेहमीचेच फोटो आणि जाडीचा एक आकडा मिळतो. जॉन्सन-कुक मॉडेलचे (ताण, वेग आणि तापमानानुसार धातूची ताकद सांगणारं सूत्र) स्थिरांक कुठून आले यावर निकाल फिरतो. टायटॅनियम ग्रेड ५ साठी प्रसिद्ध झालेल्या एका संचात ए ७८२.७ आणि बी ४९८.४ मेगापास्कल आहे, दुसऱ्यात ए ८६२ आणि बी ३३१. नाव एकच, धातूची स्थिती आणि टेस्टची पद्धत वेगळी. त्यातून घर्षणाचा गुणांक मागेपुढे करून चिपची जाडी जुळवून आणता येते. म्हणून फक्त जाडी जुळली यावर विसंबू नये. सेगमेंटमधलं अंतर, सेगमेंटेशनचा अंश आणि दोन्ही दिशांचे फोर्स, तेही निदान तीन वेगांवर, एकत्र जुळले तर मॉडेलवर भरवसा ठेवावा. त्यासाठी साध्या दराचे छेद आणि वर सांगितलेली चार मापं पुरतात.

नमुना कसा द्यायचा, हे लॅब सांगत नाही. अभ्यासासाठीची चिप नेहमीच्या प्रॉडक्शन कटमधून घेतली तर नोज रेडियसमुळे (टूलच्या टोकाची गोलाई) तिची जाडी रुंदीभर बदलते आणि ती बाजूला वळते. पाइपच्या तोंडावर सरळ कड असलेल्या टूलने कट घ्या. भिंत २-३ मिमी, फीड ०.१ ते ०.२. रुंदी फीडच्या दहापट तरी हवी. फीड ०.०५ च्या खाली नेऊ नका: इन्सर्टच्या कडेची होनिंग ३०-४० मायक्रॉन असेल तर धातूला कॅटलॉगमधला रेक लागतच नाही, कडेची गोलाई लागते, आणि छेद बघून रेकबद्दल काढलेला निष्कर्ष चुकतो. कट कोरडा घ्या. पहिल्या काही सेकंदांची चिप सोडून द्या, ती टूल आत शिरतानाची असते. नव्या कडेवर घ्या आणि त्या कडेने एकूण किती वेळ कापलं ते लिहा, कारण फ्लँक वेअर (टूलच्या बाजूची झीज) वाढला की चिपही बदलते. प्रत्येक पाउचवर वेग, फीड, रुंदी, इन्सर्टचा पूर्ण कोड, टूलहोल्डर, बारचा हीट नंबर आणि हार्डनेस लिहा. मूळ बारचा एक तुकडाही सोबत द्या. तो नसेल तर कण किती लांबले याची तुलना कशाशी करणार?

पावसाळ्यात आपल्याकडे स्टीलच्या चिप एका रात्रीत गंजतात. गंजाचे खड्डे नायटलनंतर काळे ठिपके दिसतात आणि ते भेगा किंवा इन्क्लूजन (धातूतले परके कण) म्हणून रिपोर्टमध्ये जातात. चिप उचलल्याबरोबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळवा, झिप पाउचमध्ये सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. तेल लावून पाठवू नका, इपॉक्सी त्याला धरत नाही आणि पुन्हा कडेला फट पडते.

माउंट परत मागायला विसरू नका. सांगितलं नाही तर ठरावीक मुदतीनंतर लॅब ते भंगारात काढते, आणि मध्यावरचा दुसरा छेद घ्यायची वेळ आली तर हातात काही उरत नाही. परत घेतल्यावर एच केलेल्या तोंडावर कापूस ठेवून डबीत बंद करा, आणि माउंटच्या पाठीवर पाउचचाच नंबर कोरून घ्या. चिकटवलेलं लेबल अल्कोहोलने पुसताना निघून येतं.